अक्षराची उंची शून्य

गडदे सरांना नुसता आकडा बघवत नसे. नकाशावर एखादी खूण आणि तिच्याशेजारी फक्त ४५३.६२ असं काही दिसलं, की चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "हा कोण हाय?" समोरचा गोंधळायचा. मग उत्तरही तेच द्यायचे. "नुसता आकडा म्हणजे मुका माणूस. दारात येऊन उभा हाय, पण कोण हाय, कुठून आला, काय बी सांगत न्हाई. असल्याला घरात कोण घेईल?"

आता मी नांदेडला एका मोठ्या ऑफिसात नकाशे करते. इथली पोरं मोजणीची फाइल उघडतात, पडद्यावर हजारभर खुणा सांडतात आणि प्रत्येकीशेजारी तीन ओळींचं लेबल येतं. वर खुणेचा नंबर, मधे उंची, खाली वर्णन. सॉफ्टवेअर विकत घेताना जसं येतं तसंच ते राहतं. मी मात्र फाइल उघडली की आधी लेबल बदलायला घेते. "मॅडम, चालतंय की तसंच," पोरं म्हणतात. चालतं. जगात सगळंच चालतं. सरांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांमुळे मला ते चालत नाही, हा माझा आजार आहे आणि तो आता बरा व्हायचा नाही.

सरांचं ऑफिस हिंगोलीत, एका बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं फिरावं लागे. वर दोन कॉम्प्युटर, एक दमेकरी इन्व्हर्टर आणि भिंतीला टांगलेली, नकाशे आखायची जुनी लाकडी टी-पट्टी. सर बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशात कायम कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. नव्वदच्या दशकात ते पाटबंधाऱ्याच्या कामांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचे. चूक झाली की त्या अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, कागद न फाडता. पुढं शाई गेली, कागद गेला, ब्लेड राहिलं. त्यानं ते आता पेन्सिली तासायचे, भज्यांच्या पुड्याचा दोरा कापायचे आणि विचारात पडले की टेबलावरचे चहाचे डाग खरवडत बसायचे.

त्यांचं अक्षर जिल्ह्यात नावाजलेलं होतं. कॉम्प्युटर आला आणि सगळ्यांची अक्षरं एकसारखी झाली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. वर्षभर त्यांनी त्या यंत्राशी अबोला धरला म्हणतात. मग कुणीतरी दाखवलं की लेबलाचा साचा बदलता येतो. अक्षर किती मोठं, कुठल्या रंगाचं, आधी काय, मग काय, हे एकदा सांगितलं की नकाशावरच्या सगळ्या खुणा तसंच बोलतात. तेव्हा सरांचा आणि यंत्राचा समेट झाला. "हुकूम एकदा द्यायचा अन् हजार जणांनी पाळायचा," ते म्हणायचे. "निजामाला बी इतकं जमलं न्हाई, ताई."

मी त्यांच्याकडं लागले ते दोन हजार सालानंतर, डिप्लोमा करून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा एक नकाशा पुन्हा करायला लावला. एका गावठाणात घरं दाटीनं होती आणि लेबलं एकमेकांवर चढली होती. माझ्या मते वाचता येत होती. सर शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक लेबल माऊसनं धरून बाजूला नेऊ लागले. दुपार त्यातच गेली. मी जांभई दिली तर म्हणाले, "ह्याच्या घरावर त्याचं नाव पडलंय. गावात असं झालं तर कुऱ्हाडी निघतात." मी मनात म्हटलं, विक्षिप्त माणूस आहे. माझं काही चुकलं नव्हतं. ते विक्षिप्त होतेच.

मोजणीला उंचीची पट्टी धरायला अब्बासभाई असत. उंच, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी. पट्टी टेकवली की ती कशावर टेकवली ते ते लांबून ओरडून सांगायचे आणि सर तेच वर्णन म्हणून लिहायचे. "बाभूळ!" "हाळ!" "पीर का चबुतरा!" इतर ठिकाणी अशा गोष्टींना ठरलेले सांकेतिक शब्द असतात. सरांच्या नकाशात मात्र गुरांच्या पाण्याच्या हाळाला हाळच म्हटलेलं असायचं. पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी एकदा शांतपणे सांगितलं, "गडदे, आमचे वरचे लोक हे वाचत नाहीत हो." साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. सरांनाही पटलं. त्यांनी लेबलाचे दोन साचे केले आणि त्यांना नावं दिली, 'सायब' आणि 'गाव'. एक बटण दाबलं की अख्खा नकाशा साहेबाशी बोले, दुसरं दाबलं की गावाशी. या करामतीवर ते इतके खूश होते की खालच्या दुकानदाराला वर बोलावून दाखवली. तो बिचारा 'वा वा' म्हणून चहा पिऊन गेला.

बाजाराच्या दिवशी कधी कधी सरांच्या थोरल्या बहीण गोजराअक्का जिना चढून यायच्या. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा, अंगाला मेंढरांचा वास. खुर्ची दिली तरी फरशीवर बसायच्या. आई लवकर गेलेली. अक्कांनीच सरांना कडेवर घेऊन मेंढरं राखली होती आणि पुढं 'हे एक तरी शिकू द्या' म्हणून बापाशी भांडून शाळेत घातलं होतं. बोरदरी हे त्यांचं सासर. नवरा वारला, मूल झालं नाही, मेंढरं होती. त्या यायच्या आणि पडद्याकडं बोट करून म्हणायच्या, "किसन, माजं घर दाव की यात." सर म्हणायचे, "अक्का, तुझ्या गावचं काम अजून आलं न्हाई. आलं की दावतो."

ते काम आलं. बोरदरीच्या ओढ्यावर साठवण तलाव मंजूर झाला आणि पाण्याखाली काय काय जाणार याची मोजणी आमच्या ऑफिसकडं आली. सरांनी नकार द्यायला हवा होता असं आता वाटतं. पण तेव्हा ते म्हणाले, "परक्यानं मोजण्यापरीस मी मोजलेलं बरं." आणि हे कुणालाही पटण्यासारखंच होतं.

मोजणी चालू असताना गावकरी मागं मागं फिरायचे. एक जण विचारी, "साहेब, माझ्या घराचं काय निघालं?" सर उंची सांगायचे. चारशे त्रेपन्न. माणूस तोंडाकडं बघत राही. समुद्रसपाटीपासून चारशे त्रेपन्न मीटर! बोरदरीतल्या कुणी समुद्र पाहिला होता? अब्बासभाई पट्टीला टेकून म्हणाले, "साब, इनको मीटर नको. इनको परस में बोलो."

परस म्हणजे एक उभा माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली परसातच सांगतात. सात परस विहीर, तीन परस पाणी. सर त्या दिवशी परतताना जीपमध्ये बोटांवर काहीतरी मोजत होते. ऑफिसात आले आणि थेट पडद्यासमोर बसले. लेबलात उंची छापायच्या ऐवजी आपण लिहिलेलं गणित छापता येतं, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं, वापरलं कधी नव्हतं. वीज गेली, इन्व्हर्टर किंचाळला, पुन्हा वीज आली. कंस चुकत होते. सर यंत्राला दटावत होते, "बराबर सांगून राहिलो न मी? मंग काहून ऐकत न्हाईस?" शेवटी जमलं. तलाव भरल्यावरची पाण्याची पातळी घ्यायची, त्यातून खुणेची उंची वजा करायची आणि उत्तराला एका माणसाच्या उंचीनं भागायचं. पडद्यावरचे सगळे आकडे एकदम बदलले. जिथं ४४९ होतं तिथं दोन परस आलं. मारुतीच्या पारावर एक परस आलं. तोवर तो माझ्यासाठी नकाशा होता. आता त्यावर पाणी दिसायला लागलं.

एक अडचण उरली. पाण्याच्या वर राहणाऱ्या घरांसाठी गणिताचं उत्तर उणे येत होतं. उणे अर्धा परस म्हणजे काय, हे गावाला कसं सांगायचं? सरांनी त्यावरही उपाय काढला. अक्षराची उंचीसुद्धा गणितानं ठरवता येते. उत्तर उणे आलं तर अक्षराची उंची शून्य, असा हुकूम त्यांनी दिला. बुडणाऱ्या घरांवर अक्षरं राहिली आणि वरच्या आळीतली घरं कोरी झाली. "ज्याच्यावर काय बी लिहिलं न्हाई, तो कोरडा," सर म्हणाले आणि अर्ध्या ब्लेडनं टेबल खरवडू लागले. इतके समाधानी मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

साहेबांच्या नकाशात आणखी एक तुटक रेघ होती. ती पुराची. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून वाहतं, पण मोठा पाऊस आला तर सांडव्याला ते लगेच पेलत नाही आणि तलाव आणखी वर चढतो. ही रेघ वरच्या आळीतून, गोजराअक्कांच्या घराच्याही वरून जात होती. त्या रेघेच्या आतल्या घरांनी मागितलं असतं, तर त्यांनाही खालच्या आळीबरोबर सडकेकाठच्या नव्या गावात जागा मिळणार होती. 'गाव' साच्यात सरांनी ती रेघ बंद ठेवली. साहेबांनी विचारलंसुद्धा, "पुराचं काय, गडदे?" सर म्हणाले, "दोन आकडे दिले की माणूस तिसराच ऐकतो, साहेब. पिढीत एकदा येणाऱ्या पाण्यासाठी त्यांना भेवाडून काय करू?"

हे त्यांनी बेफिकिरीनं केलं नव्हतं. सडकेकाठच्या त्या नव्या गावात मेंढरं बांधायला जागा नव्हती. गायरान वरच्या आळीला लागून होतं. अक्का तिथं सुखानं राहतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नकाशा गावाला सगळं खरं सांगत होता, फक्त एक गोष्ट सरांनी गावाच्या वतीनं स्वतःच ठरवली होती.

मारुतीच्या पारावर नकाशा अंथरला तो दिवस मला विसरता येत नाही. चार कोपऱ्यांवर चार दगड. वाचता येणारे न येणाऱ्यांना वाचून दाखवत होते. "तुझ्या उंबऱ्यावर दीड परस." "आन् माझ्या चुलीवर?" "चूल अलग मोजली न्हाई, बाप्पा." एक म्हातारा आपल्या घरावर बोट ठेवून उभा राहिला, मग त्यानं हात डोक्याच्या वर नेऊन दोन परस म्हणजे कुठवर ते पाहिलं. कुणी हसलं नाही. आजवर इतके कागद त्या गावात आले असतील, पण हा पहिलाच कागद त्यांना कळला होता आणि कळल्यामुळंच पारावर रडारड झाली.

अक्का शेवटी आल्या. "किसन, माजं घर?"

सरांनी बोट ठेवलं. "हे बघ अक्का. काय लिवलंय?"

"मला कुठं वाचता येतं रं?"

"वाचायला हाय काय? कोरं हाय. तू कोरडी."

अक्कांनी वाकून कागदाला हात लावला. "मंग मी काहून जाऊ? जागा पायजे का म्हणून इचारून राहिलेत. न्हाई म्हणू?"

"न्हाई म्हण," सर म्हणाले.

वरच्या आळीतल्या कुणीच जागा मागितली नाही. किसनच्या सख्ख्या बहिणीनं मागितली नाही, तर आपण कशाला मागायची?

तलाव झाला, भरला, खालची आळी गेली. पाणी गणितानं सांगितलं तिथंच थांबलं, अक्कांच्या अंगणाच्या खाली. सर ते बघायला मुद्दाम गेले होते आणि परतताना सगळ्यांना जिलबी घेऊन आले. दोन-तीन पावसाळे असेच गेले. मग एका भादव्यात पाऊस लागला तो उघडेचना. कयाधू नदीला पूर, कनेरगाव नाक्याकडचा रस्ता बंद, आखाडा बाळापूरकडच्या गाड्या बंद. पावसाच्या दुसऱ्या सकाळी बोरदरीचा एक माणूस चिखलानं माखून जिना चढून आला आणि म्हणाला, "किसनराव, वरच्या आळीत पाणी शिरलं."

आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरत होतं. माणसं सगळी वाचली होती, गायरानात जाऊन उभी होती. अक्काही होत्या. पण पहाटे पाणी मेंढवाड्यात शिरलं आणि मेंढरं बाहेर येईनात. पाण्यात मेंढरू पळत नाही, एकमेकाला चिकटून उभं राहतं. अक्का काठी घेऊन आत शिरल्या, जेवढी ओढता आली तेवढी ओढली. बाकीची दगडी भिंतीच्या आत तशीच होती, चिकटलेली. मी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. अब्बासभाई 'या अल्लाह' म्हणून खाली बसले.

सर भिंतीपाशी उभे होते. मला वाटलं, आता अक्का बोलतील. वाटेल ते बोलतील, आणि बोलायलाच पाहिजे. मला ते ऐकवणार नव्हतं, पण त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. अक्का ओल्या लुगड्यानं चालत आल्या, भावाच्या दंडाला धरलं आणि पहिल्यासारखंच विचारलं, "किसन, आता मेंढवाडा कुठं घालू? तू सांग."

अक्कांनी अजूनही भावालाच विचारलं होतं. सरांनी तलावाकडं पाहिलं, मग वर टेकडीकडं. "सांग की रं," अक्का म्हणाल्या. सर मटकन त्या चिखलात बसले.

त्यानंतर ऑफिसात येत, पण काम करत नसत. एका दुपारी बोरदरीची फाइल उघडून बसले आणि शून्याचा हुकूम त्यांनी काढून टाकला. वरच्या घरांवर काय लिहायचं ते शोधू लागले. 'बहुधा कोरडं.' 'पाणी येऊ शकतं.' 'सांगता येत नाही.' शब्द लांब होते, आळी लहान. लेबलं एकमेकांवर चढली, याच्या घरावर त्याचं पडलं. मी वाट पाहिली की आता ते माऊसनं एकेक बाजूला करतील. त्यांनी केलं नाही. बराच वेळ त्या गिचमिडीकडं बघून पडदा बंद केला. खिशातलं ब्लेड काढून टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. वर्षभरात ऑफिसही बंद झालं आणि मी नांदेडला आले.

मग एकदाच दिसले. दोन हजारचं दशक सरत आलं होतं. बोरदरीच्या टेकडीवर नळयोजना न्यायची होती, त्याची मोजणी माझ्याकडं आली. पट्टी धरायला मी अब्बासभाईंनाच बोलावलं होतं. टेकडीच्या अगदी माथ्यावर एक पत्र्याचं घर आणि एक मेंढवाडा दिसत होता. इतक्या वर की तिथं पुराचं पाणी कधीच पोचणार नाही, आणि प्यायचंही अजून पोचत नव्हतं. गावातल्या बाईनं सांगितलं, "गोजराअक्काचं घर हाय ते. तिचा भाऊ म्हनला, इथंच ऱ्हा. आता तोच रोज पानी चढवून राहिला."

आम्ही तलावाच्या काठानं मोजत चाललो होतो. अब्बासभाईंनी एका चौथऱ्यावर पट्टी टेकवली. काळे दगड, मधे उंबऱ्याची खाच. नेहमीसारखं ओरडले नाहीत. तेवढ्यात पलीकडून सर आले. सायकलला दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेले, सायकल हातानं ढकलत. केस पांढरे झालेले. मला ओळखलं, मान हलवली. "कशा हाय, ताई?" एवढंच.

मोजणीचं यंत्र खुणेचं वर्णन विचारत होतं. माझ्या तोंडून जुन्या सवयीनं गेलं, "सर, इथं काय लिहू?"

त्यांनी सायकल कमरेला टेकवली आणि त्या दगडांकडं पाहिलं. मला वाटलं, अक्काचं घर म्हणतील. उंबरा म्हणतील.

"आकडाच राहू द्या," ते म्हणाले.

"नुसता?"

"व्हय. नुसता."

मी ती जागा रिकामी सोडली. सरांनी सायकल सरळ केली आणि चढाला लागले. अर्ध्या वाटेवर दम घ्यायला थांबले, कॅनची दोरी आवळली आणि पुन्हा ढकलू लागले. वर पत्र्याच्या दारात अक्का घोंगडं पांघरून बसल्या होत्या, खाली त्यांच्याकडं बघत.